तांबडं चिलखत आणि रामशेजचा मावळा



आजचा विषय वाचून आमच्या घरातलीच काही माणसं हसतील. विषय आहे तांबडा रंग. तोही देवघरातल्या कुंकवाचा किंवा लग्नातल्या शालूचा नव्हे, तर अंगठ्याच्या पेराएवढ्या सैनिकाच्या चिलखताला लावायचा तांबडा रंग! सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर मराठी शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला हे कुठून सुचलं, असं तुम्हाला वाटेल. सुचलं नाही, घरात चालून आलं.

माझा नातू पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. सुट्टीत नाशिकला येतो तेव्हा कपड्यांची बॅग लहान आणि एक चपटी पेटी मोठी असते. पेटीत स्पंजच्या खाचांमध्ये सैनिक झोपवलेले असतात. राक्षस, बुटके, शिंगांच्या टोपांचे वीर, असा सगळा कल्पनेतला गोतावळा. त्यातली एक पलटण पूर्ण तांबड्या चिलखतातली आहे. चिलखताच्या प्रत्येक पत्र्याला पितळी कड, खांद्यावर कवट्या, छातीवर खुणा. "हे खोर्नचे योद्धे, आजी. रक्ताचा देव आहे तो." म्हटलं, बरं बाबा, देव तुझा, पण शर्टाला रंग लागलाय तो आधी धू.

हा खेळ टेबलावर खेळतात. दोघांच्या दोन फौजा, अंतर मोजायला टेप, नशिबाला फासे. सैनिक विकत मिळतात ते तुकड्या-तुकड्यांनी आणि बिनरंगाचे. ते चिकटवायचे आणि रंगवायचे आपण. खेळायला दोन तास लागत असतील तर रंगवायला दोन महिने. नातवाच्या मित्रांपैकी निम्मे तर खेळतच नाहीत, नुसते रंगवतात.

मला यात इतिहासाचा वास आला आणि मी थोडं शोधलं. या झाडाचं मूळ आपल्याच अंगणात निघालं! आपलं चतुरंग इराण-अरबस्तानमार्गे युरोपात गेलं, त्याचं तिकडे चेस झालं. त्या बुद्धिबळावर कलमं करत करत जर्मन लोकांनी लढाईचे खेळ तयार केले. प्रशियाच्या लष्करात राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी हा खेळ पुढे नेला. १८१२ साली बापाने तो राजाला दाखवला, १८२४ साली मुलाने त्याचे नीट नियम बांधले. नकाशावर ठोकळे सरकवायचे, आणि एका बाजूचे ठोकळे निळे, दुसऱ्या बाजूचे तांबडे.

दुसरीकडे खेळण्यातले सैनिक वेगळेच वाढत होते. न्यूरेंबर्ग गावात अठराव्या शतकात हिल्पर्ट नावाच्या कारागिराने कथलाचे चपटे सैनिक ओतायला सुरुवात केली. १८९३ साली लंडनच्या ब्रिटन कंपनीने शिशाचे आतून पोकळ सैनिक काढले. पोकळ असल्यामुळे शिसं कमी लागे, म्हणून ते स्वस्त पडत आणि घरोघरी जात. हे सैनिक हाताने रंगवत असत. इंग्रजांची फौज लाल कोटाची, म्हणून खेळण्यातले सैनिकही लाल. (शिसं विषारी, आणि मुलं ते तोंडात घालणार! १९६६ च्या सुमारास ते सैनिक शिशाचे बनवणं बंद झालं.) १९१३ साली एच. जी. वेल्स या मोठ्या लेखकाने जमिनीवर बसून असल्या सैनिकांशी खेळायच्या लढाईचे नियम चक्क पुस्तक लिहून छापले. त्यातल्या नमुन्याच्या लढाईतही एक फौज तांबडी आणि एक निळी आहे. पुढे १९७५ साली लंडनमध्ये गेम्स वर्कशॉप ही कंपनी निघाली, १९८३ साली तिचा वॉरहॅमर हा खेळ आला आणि १९८७ साली त्याची भविष्यकाळातली आवृत्ती. आमच्या पेटीतले तांबडे वीर हे त्या वंशातले.

आता रंगवण्याकडे येते, कारण मला खरी गोडी तिथेच लागली.

मला वाटायचं, लाल रंग म्हणजे डबी उघडा आणि लावा. पण लाल हा फार मानी रंग आहे. काळ्यावर लावला तर बुडतो, पांढऱ्यावर लावला तर गुलाबी दिसतो, आणि एका हातात कधी भरत नाही. घर रंगवणारे "दोन हात मारावे लागतील" म्हणतात ना, तसेच इथेही हात मोजतात. आधी संपूर्ण सैनिकाला अस्तर. तांबड्याखाली काळसर किंवा तपकिरी अस्तर बरं. मग तांबडा रंग पाणी घालून ताकासारखा पातळ करायचा आणि एक हात द्यायचा. वाळू द्यायचा. दुसरा हात. पुन्हा वाळू द्यायचा. लागला तर तिसरा. नंतर पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग सोडायचा. तो आपोआप पत्र्यांच्या सांध्यांत, खिळ्यांच्या बुडाशी, फटींत उतरून बसतो आणि तिथे सावली पडल्यासारखी दिसते. मग सपाट भागावर पुन्हा तांबडा, आणि शेवटी कुंचल्याच्या टोकाने प्रत्येक कडेवर केसाएवढी नारिंगी रेघ. नारिंगीच का? पांढरा मिसळला तर तांबड्याचा गुलाबी होतो आणि वीराचा नवरदेव होतो! म्हणून तांबड्याला उजळवायचं ते नारिंगीने.

सगळ्यात मोठं पथ्य एकच. रंग जाड लावायचा नाही. सैनिकाचं सगळं कोरीवकाम अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचं. रंगाचा एक जाड थर बसला की खिळे गेले, नक्षी गेली, चेहराही गेला.

हे ऐकताना मला आपली वणीची सप्तशृंगी आठवली. डोंगराच्या कड्यातच कोरलेली, सुमारे आठ फूट उंचीची, अठरा हातांची आपली भगवती. आमच्या पिढीने तिला नेहमी शेंदराच्या लेपात पाहिलं. पिढ्यान् पिढ्या भक्तीने चढवलेल्या शेंदराचे थरावर थर बसले होते. २०२२ साली मंदिर काही आठवडे दर्शनाला बंद ठेवून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तो लेप उतरवला, तेव्हा खालचं मूळ कोरीव रूप दिसलं. नवरात्रात दर्शन घेतलेल्या माझ्या एका मैत्रिणीने फोनवर सांगितलं, "अगं, आपण आजवर देवीला बघितलंच नव्हतं." त्या लेपात भक्ती होती, त्याला मी नावं ठेवत नाही. पण खाली मूर्ती होती हेही खरं.

तांबड्या रंगाच्या वस्तूही किती वेगवेगळ्या! शेंदूर हा शिशापासून होतो, हिंगूळ पाऱ्यापासून. दोन्ही विषारी, पण दोन्ही चांगले भरणारे, खालचं झाकणारे रंग. जुन्या पोथ्यांत शाई काळी आणि दंड, ओवीचे आकडे, अध्यायाची समाप्ती तांबड्यात, ती बहुधा हिंगुळाची. गेरू म्हणजे लोखंडाचा गंज असलेली माती, निरुपद्रवी आणि स्वस्त. कुंडीला, तुळशीवृंदावनाला, अंगणाच्या कडेला गेरू लावलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. कापडाला मंजिष्ठा आणि लाख. आजच्या डब्यांतले पुष्कळसे झगझगीत तांबडे रंग हे कारखान्यातल्या सेंद्रिय रसायनांचे असतात. ते तेजस्वी असतात पण पारदर्शक, म्हणूनच एका हातात भरत नाहीत. नातवाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आजी, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही नुसते वैतागायचो."

तर आता मूळ मुद्दा.

गेल्या दिवाळीत सोसायटीतल्या मुलांनी आवारात किल्ला करायचा ठरवलं, आणि नाशिकचीच मुलं म्हणून रामशेज करायचा ठरला. दगड-विटा, पोती, चिखल, वर अळीव पेरलेला. कुंभारवाड्यातून न रंगवलेली वीस चित्रं आणली. (नव्या पिढीसाठी : किल्ल्यावरच्या मातीच्या माणसांना आपल्याकडे 'चित्रं' म्हणतात.) रंगवायचं काम साहजिकच आमच्या चिरंजीवांकडे. त्याने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, वीस मावळे ओळीने उभे केले आणि मला विचारलं, "आजी, यांच्या चिलखतांना कोणता तांबडा देऊ? गडद की शेंदरी?"

मी म्हटलं, "चिलखत कुणी सांगितलं तुला?"

"सैनिक आहेत ना?"

या एका प्रश्नावर आम्ही दोघांनी दोन दिवस घालवले. ते तुम्हाला सांगायचं म्हणून हा लेख.

चिलखत आपल्याकडे नव्हतं असं नाही. कड्यांचं चिलखत होतं, छाती-पाठ-कुशींना चार पत्रे बांधायचा चारआईना होता, हाताला दस्ताने, डोक्याला जिरेटोप, घोड्याला पाखर. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं पोलादी चिलखत आणि ढाल आहे, ती पाहिली की राजेलोकांचं चिलखत म्हणजे काय ते कळतं. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखानाला भेटायला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली जिरेटोप घातला होता, हे चौथीच्या पोरालाही ठाऊक असतं.

पण लोखंडाचा रंग लोखंडाचाच. त्यावर सोन्याची नक्षी असेल, पण तांबडं नाही. तांबडं असायचं ते आतलं मखमली अस्तर. काही ठिकाणी कापडाचे थर शिवून, वर मखमल आणि मखमलीवर ओळीने पितळी खिळे ठोकलेले अंगरखे चिलखत म्हणून वापरत. संग्रहालयांतून असे दिसतात, त्यांत तांबड्या मखमलीचेही आहेत. नातवाला याचं चित्र दाखवलं तर तो चाटच पडला. तांबडं अंग, पितळी ठिपके, अगदी त्याच्या खोर्नच्या वीरांसारखं! आणि संपूर्ण फौजच तांबड्या चिलखतात, असं खरोखर कुठे झालं असेल तर ते जपानात. सोळाव्या शतकाच्या शेवटी ई नाओमासा नावाच्या सरदाराने आपल्या सगळ्या माणसांना तांबड्या लाखेची चिलखतं दिली होती, आणि १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईत ती फौज होती. म्हणजे कल्पनेतल्या तांबड्या वीरांनाही खरा पूर्वज आहे.

पण रामशेजवर?

रामशेज आपल्या नाशिकपासून पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर, आशेवाडीजवळ. सह्याद्रीतले राकट किल्ले पाहिलेल्या माणसाला तो टेकाडच वाटेल. १६८२ साली औरंगजेबाची फौज या टेकाडाला येऊन भिडली. शहाबुद्दीन खान आला (याचाच मुलगा पुढे हैदराबादचा पहिला निजाम झाला). त्याला जमलं नाही म्हणून बहादूरखान आला, त्यालाही जमेना. संभाजीराजांच्या काळात हा एवढासा किल्ला पाच वर्षांहून अधिक काळ झुंजत राहिला आणि शेवटी गेला तो फितुरीने. आणि यातली सर्वांत मोलाची गोष्ट मोगलांच्याच बाजूच्या इतिहासकाराने, खाफीखानाने लिहून ठेवली आहे. तो सांगतो की किल्ल्यात लोखंडी तोफा नव्हत्या. गडावरच्या लोकांनी लाकडं पोखरून तोफा केल्या आणि चामडं वापरून त्या उडवल्या.

मी नातवाला म्हटलं, "आता तूच सांग. ज्यांच्याकडे तोफेला लोखंड नव्हतं, ते वीस जणांच्या छातीला लोखंड कुठून आणणार?"

तो गप्प बसला. मग म्हणाला, "मग त्यांच्या अंगात होतं काय?"

हा प्रश्न मला पन्नास वर्षांपूर्वी वर्गात कुणी विचारायला हवा होता! कुणी विचारला नाही, कारण सगळ्यांना चित्र पाठ असतं. लाल अंगरखा, लाल पागोटं, पांढरी तुमान, हातात ढाल-तलवार, आणि वीसच्या वीस एकसारखे.

शिवकाळातल्या साध्या सैनिकाला चित्रकारासमोर बसायला कुणी बोलावलं नाही. अहो, प्रत्यक्ष महाराजांचं अस्सल चित्र वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली पुढे आणलं, तोपर्यंत कुणा इब्राहिमखानाचं चित्र महाराजांचं म्हणून छापत होते. जिथे राजाची ही गत, तिथे मावळ्याचं काय! तरी काही धागे हाती लागतात. फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात इकडे फिरला. शिवाजीची माणसं खडतर खाण्याला आणि लांबच्या दौडीला सरावलेली, चैनीशी संबंध नसलेली, असं तो सांगतो. साताऱ्याला राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात त्याने मराठा घोडेस्वाराचा नेहमीचा पोशाख दिला आहे : गुडघ्यापर्यंतची घट्ट चोळणा-चड्डी, पागोटं, त्याचा एक पदर बरेच जण हनुवटीखालून घेत, अंगात कापूस भरून शिवलेला सदरा आणि कमरेला शेला, तलवार त्या शेल्यातच खोचलेली. हा झाला स्वार, म्हणजे त्यातल्या त्यात ऐपतीचा. पायदळातला मावळा याहून साधा असणार, जास्त नाही.

म्हणजे आपलं चिलखत कापसाचं! कापसाचे थर ठासून शिवले तर तलवारीचा ओझरता वार अडतो. ते हलकं असतं, फाटलं तर घरी शिवता येतं, आणि ते घालून कडा चढता येतो. घाटवाटांनी रातोरात जायचं, हल्ला करून निघून जायचं, या युद्धाला तेच योग्य. आपल्याच जिल्ह्यातल्या साल्हेरला १६७२ साली मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. तिथे समोरची फौज सामग्रीने केवढी तरी भारी होती. सूर्यराव काकडे त्या लढाईत जंबुरक्याचा गोळा लागून पडला. सभासदाने बखरीत त्याला कर्णाची उपमा दिली आहे. गोळा लागल्यावर लोखंडाचं चिलखत काय आणि कापसाचं काय. (२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात आपला साल्हेर आहे. नाशिककरांनी हे सगळ्यांना सांगत सुटावं!)

मग ही एकसारख्या लाल अंगरख्यांची कल्पना आपल्या डोक्यात आली कुठून? याचा लेखी पुरावा माझ्यापाशी नाही, माझं आपलं मत सांगते. शिवाजी महाराजांच्या सैन्यात सगळ्यांना एकाच कापडाचा, एकाच रंगाचा गणवेश नव्हता. सैनिक म्हणजे एका रंगाच्या रांगा, हे डोळ्यांना शिकवलं कवायती पलटणींनी. इंग्लंडात १६४५ साली नव्या फौजेला लाल कोट दिले, तेव्हापासून इंग्रजी सैनिक म्हणजे लाल कोट. साध्या शिपायाच्या कोटाला मंजिष्ठेच्याच कुळातल्या मुळांचा रंग, तो स्वस्त. अधिकाऱ्याच्या कोटाला किड्यांपासूनचा महाग किरमिजी. बंदुकीच्या दाट धुरात आपला माणूस ओळखू यावा म्हणूनही तो उपयोगी पडे. कंपनी सरकारने इथल्या शिपायांनाही तेच लाल कोट चढवले.

आणि ते लाल कोट आपल्या जिल्ह्यात आले १८१८ साली. पेशवाई संपत होती. एप्रिलमध्ये राजदेहेर पडला, त्याच महिन्यात त्र्यंबकगड. मालेगावच्या भुईकोटात मात्र अरब शिबंदीने महिनाभर दम काढायला लावला, तो पडला जूनमध्ये. हा किल्ला नारोशंकरांचा, ज्यांच्या देवळातली घंटा प्रत्येक नाशिककराला माहीत आहे. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या आपल्या लोकांनी 'सैनिक' म्हणून जो पाहिला तो रांगेतला, एकसारखा, लाल. पुढे धूर न करणारी बंदुकीची दारू आली, लांब पल्ल्याच्या रायफली आल्या, लाल कोट म्हणजे शत्रूला आयतं निशाण झालं आणि फौजा खाकीत गेल्या. पण खेळण्यांत, नाटकांत, कॅलेंडरांवर लाल राहिला.

मला राहून राहून वाटतं, रामशेजवर लाकडी तोफ उडवणाऱ्या माणसाला आपण प्रेमाने जो गणवेश शिवलाय, तो त्याच्या खापरपणतवाला हरवणाऱ्यांच्या गणवेशासारखा आहे. एकावर एक हात दिले गेले. लाल रंगाचा, गणवेशाचा, सिनेमाचा, मालिकांचा. प्रत्येक हात कौतुकानेच दिलेला. पण खालचा माणूस, घरून भाकरी बांधून आलेला, स्वतःच्या पैशाचं कापड नेसलेला, तो दिसेनासा झाला. आणि त्याचं मोठेपण तर त्या साधेपणातच आहे. लोखंडी चिलखतातला वीर पाच वर्षं किल्ला लढवतो यात नवल काय? सुती सदऱ्यातला माणूस लढवतो, हे नवल.

नातू यावर म्हणाला, "पण आजी, माझे खोर्नचेही खोटेच आहेत की. त्यांना चालतं, मग यांना का नाही?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "तुझ्या खोर्नवाल्यांना आईबाप नाहीत. त्यांना तू जांभळं रंगवलंस तरी कुणाचं काही जात नाही. हे वीस जण खरे होऊन गेलेत. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, चेहरे नाहीत. निदान कपडे तरी त्यांचे त्यांना देऊ या."

मग त्याने जे केलं ते त्याच्या विद्येला साजेसं केलं. वीसही जणांना तपकिरी अस्तर. मग कोऱ्या कापडाचा मळकट पांढरा, कुणाला जास्त मळलेला, कुणाला नुकताच धुतलेला. दोघांना गेरूचा अंगरखा, एकाला निळीत बुडवलेला, एकाला हळदीवरचा पिवळा. चौघांच्या खांद्यावर काळी घोंगडी. पागोटी वीस जणांची वीस तऱ्हांची. कापूस भरलेल्या सदऱ्यांवर त्याने चक्क टाक्यांच्या रेघा ओढल्या, भिंग लावून! त्याचं म्हणणं, तांबड्या चिलखतापेक्षा हे पांढरं कापड अवघड, कारण पांढऱ्यात सावली जराशी चुकली की मळ दिसतो. तांबडा रंग वाया गेला नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी एक मोगल सरदार उभा केला, त्याला लोखंडी चिलखत आणि आत तांबडी मखमल, कडांना ती केसाएवढी नारिंगी रेघ. गडावर बाभळीच्या काटकीची तोफ. किल्लेदाराच्या पागोट्याला तेवढं थोडं तांबडं, आणि वर गेरूत भिजवलेला भगवा.

लहान मुलं बघायला आली. दुसरीतली एक चिमुरडी बराच वेळ न्याहाळत होती. मग म्हणाली, "यांचा युनिफॉर्म का नाही?"

"तेव्हा नव्हता गं."

"मग हे सैनिक आहेत हे कसं कळणार?"

"गडावर उभे आहेत ना," मी म्हटलं.

तिला ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण ती पुढे तोफेकडे वळली आणि तोफ लाकडाची का, असं तिने विचारलं. मग मी तिथेच विटेवर बसकण मारून रामशेजची सगळी गोष्ट सांगितली. पाच-सहा पोरं जमली होती. निवृत्त झाल्यावर इतका मन लावून ऐकणारा वर्ग मला मिळाला नव्हता. लाल अंगरखे असते तर हा प्रश्न आला नसता, हे मी तुम्हाला खात्रीने सांगते. जे आधीच पाठ आहे त्याबद्दल मुलं काही विचारत नाहीत.

असो. लेख लांबला. शिक्षकाला तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही, हा जुनाच दोष.

एक विनंती मात्र आहे, विशेषतः आमच्या नातलगांना. तुमच्याकडे जुन्या अल्बममध्ये दिवाळीच्या किल्ल्याचे फोटो असतील तर शोधा. पन्नास, साठ, सत्तर सालातले तर जरूर. ते काळे-पांढरे असणार, म्हणून फोटोमागे आठवेल तसं पेन्सिलीने लिहून ठेवा : चित्रं कुठून आणली होती, कुणी रंगवली होती, आणि मावळ्याच्या अंगात कोणता रंग होता. ज्यांना हे आठवतं अशी माणसं आता आपल्यातही थोडीच उरली आहेत. पुढच्या वर्षी साल्हेर करायचा बेत आहे. साठ-सत्तर चित्रं लागतील म्हणे. कापूस भरलेले सदरे शिवायला, म्हणजे रंगवायला, माणसं हवी आहेत. भिंग आमच्याकडे आहे.